लेकरू शाळेत घातलं, आता आपलं काम काय?

(दहावी मार्च २००० च्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्यांनी सहा वर्षं आपल्याला 'बोलू नका रे' म्हणून सांगितलं, त्यांच्याच समोर आज मला बोलायला उभं केलंय. संयोजकांनी विषय दिलाय, 'लहान मुलांचं शिक्षण आणि पालकांची भूमिका'. आपल्या तुकडीतल्या शिक्षकांपैकी पहिली-दुसरीला शिकवणारी मी एकटीच, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. 'भूमिका' हा शब्द मला जरा नाटकातला वाटतो. आपण साधं 'काम' म्हणू. लेकरू शाळेत घातलं, दप्तर आणलं, गणवेश शिवला. आता आपलं काम काय? एवढंच बोलणार आहे.

सकाळपासून सगळ्यांची ओळख ऐकली. कुणी पुण्याला कंपनीत, कुणाचं मोंढ्यात दुकान, कुणी शेती करतं, दोघं-तिघं पोलिसात. आपल्या मैत्रिणींपैकी काहीजणी अंगणवाडी सेविका आहेत, काही घर आणि शेत दोन्ही ओढतात. सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. आपण आता चाळिशी ओलांडलेले पालक आहोत. कुणाचं लेकरू बारावीला, तर उशिरा लग्न झालेल्यांचं अजून अंगणवाडीत. चहाच्या वेळी मला जे प्रश्न आले तेही सारखेच. 'आमचं वाचायलाच बसत नाही गं.' 'मोबाइल सोडत नाही.' 'इंग्रजी शाळेत घालू का मराठी?' आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, खास करून मैत्रिणींकडून: 'मला स्वतःला काही येत नाही, मी काय शिकवू?'

या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे.

आपण नववीची परीक्षा देऊन सुट्टीत होतो, तेव्हा १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. वर्गातल्या हिंगोलीकडच्या मुलांना आपण 'परजिल्ह्यातले' म्हणून चिडवत होतो, आठवतं ना? त्या काळी आपल्यापैकी कितीजणांच्या आयांना सही करता येत होती? आपल्या आजोबांची पिढी तर निजामी राजवटीत वाढली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं, आणि वरचं शिक्षण घ्यायचं तर उर्दूतूनच. मराठीतून शिकता यावं म्हणून मराठवाड्यात ठिकठिकाणी लोकांनी वर्गणी काढून शाळा उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थांना आपण मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ओळखतो, पण त्याआधी ते शिक्षक होते, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला. ज्या लोकांनी अशा शाळांसाठी पायली-पायली धान्य दिलं, त्यातल्या कितीतरी जणांना स्वतःला वाचता येत नव्हतं. पण शाळा आपली आहे, आपण तिला चालवायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आपल्या आई-वडिलांचंही तसंच होतं. त्यांनी आपला अभ्यास घेतला नाही. पण सकाळी भाकरी वेळेवर बांधून दिली, शाळा बुडवू दिली नाही, आणि बाजारात सर भेटले की थांबून विचारलं, 'आमचं पोरगं कसं आहे?' अभ्यास येणं आणि पालक म्हणून उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवून मला हे खात्रीनं सांगता येतं. चांगलं शिकलेल्या घरातलं लेकरू मागं पडलेलं मी पाहिलंय आणि अंगठा लावणाऱ्या आजीचं नातू दुसरीत घडाघडा वाचणारं पाहिलंय. फरक एवढाच होता की त्या आजी रोज संध्याकाळी म्हणायच्या, 'वाच रे बाबा, मला ऐकू दे.'

आता कामाचं बोलू. पहिलं काम बोलण्याचं.

लेकरू वाचायला शिकतं ते आधी कानानं. ज्याच्या कानावर भरपूर शब्द पडलेत, गोष्टी पडल्यात, त्याला अक्षर ओळखलं की शब्दाचा अर्थ लगेच लागतो. आपलं घर शब्दांनी भरलेलं आहे. वखर, तिफण, पाभर, बोंड, सरकी, कडबा, बाटूक. वेचणीला गेलं की कापूस मोजायचा, सोयाबीनची पोती मोजायची, हुरड्याला आखाड्यावर जायचं. जनाबाईंचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत ते आपण ऐकलंय. लेकराला सोबत घेऊन हे सगळं बोलत करा, नावं सांगा, त्याला विचारा. त्याला वेगळा वेळ लागत नाही, पैसे लागत नाहीत. पण आता होतं काय, आई स्वयंपाकात, बाप मोबाइलवर आणि लेकराच्या हातात दुसरा मोबाइल. मोबाइल लेकराशी बोलतो, पण लेकराचं ऐकत नाही. भाषा वाढायला दोन्ही लागतं.

शाळेतून आल्यावर आपण विचारतो, 'आज काय शिकवलं?' उत्तर ठरलेलं, 'काही नाही.' सगळ्या घरांत हेच उत्तर येतं, तेव्हा सरांवर रागावू नका. प्रश्न बदला. 'आज कोणाशेजारी बसलास?' 'खिचडीत काय होतं?' 'बाईंनी कोणती गोष्ट सांगितली? त्यात पुढं काय झालं?' 'आज कोण रडलं?' अशा प्रश्नाला लेकरू दोन-चार वाक्यं बोलतं. शाळेत काय चाललंय हेही कळतं, आणि काही वाईट घडत असेल तर तेही याच गप्पांतून बाहेर येतं.

इथं एक नाजूक गोष्ट सांगते. लेकरू 'पानी', 'व्हतं', 'आलता' असं बोलतं म्हणून त्याला हसू नका. घरची बोली ही चूक नाही. पुस्तकातली भाषा शाळा हळूहळू शिकवतेच. जिंतूरकडच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, कुणाच्या घरी उर्दू बोलतात. पहिलीत आल्यावर त्याला आधी मराठी समजून घ्यायची आणि मग वाचायची. त्याला दोन पावलं जास्त चालायची असतात. अशा लेकराच्या आईला आम्ही सांगतो, घरची भाषा बंद करू नका, उलट त्याच भाषेत भरपूर गोष्टी सांगा. ज्याला एका भाषेत गोष्ट सांगता येते त्याला दुसरीत सांगायला फार दिवस लागत नाहीत.

दुसरं काम, लेकरू कुठं आहे ते पाहण्याचं.

आपण निकालपत्रावरची श्रेणी पाहतो. पहिली ते तिसरीच्या लेकरासाठी त्यापेक्षा सोपी पारख आहे. प्रथम ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यांचे कार्यकर्ते शाळेत न जाता घरोघर जातात आणि लेकरासमोर एक कागद धरतात. त्यावर चार पायऱ्या असतात: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. लेकरू कोणत्या पायरीवर आहे ते दोन-तीन मिनिटांत कळतं. हे आपणही घरी करू शकतो. मागच्या वर्षीचं पुस्तक घ्या, न शिकवलेलं पान उघडा आणि म्हणा, वाच. वाचून झालं की विचारा, यात काय झालं? पाठ केलेला धडा वाचायला लावू नका, तो ते डोळे मिटूनही म्हणेल.

मग किती यायला पाहिजे? केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, असं त्याचं उद्दिष्ट आहे. त्यातली मापं पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिली संपताना चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत आणि ९९ पर्यंत संख्या यावी. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या. तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून, आणि ९९९९ पर्यंत संख्या. घड्याळ लावून लेकराला घाबरवू नका. पण तिसरी संपत आली आणि लेकरू अजून शब्दाशी अडतंय, तर पाचवीची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात शाळेत जा.

या बाबतीत एका पिढीचा विसर पडू देऊ नका. जून २०२० मध्ये ज्यांचं पहिलीत नाव घातलं, त्यांची शाळा भरलीच नाही. आपल्याकडच्या ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले ते १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे ती लेकरं आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसली तेव्हा दुसरीत होती. आज ती सहावीत आहेत, यातली काही आपल्या शाळेतही आली असतील. ज्याचं त्या वर्षातलं काही राहून गेलंय, त्याला 'एवढं पण येत नाही का' असं म्हणण्याआधी हे आठवा.

गणिताचं थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण समजावून सांगितलं होतं. तुमचं मत काहीही असो, पण अडचण खरी आहे. मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना पाच आधी. 'एकोणसाठ' ऐकून लेकरू सहाच लिहितं, कारण त्याच्या कानावर साठ पडलेलं असतं. यावर घरातला उपाय आहे. दहाच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घ्या. त्रेपन्न म्हणजे दहाच्या पाच नोटा आणि तीन नाणी. लेकराला बाजारात सोबत न्या, उरलेले पैसे त्याला मोजू द्या. दुकान असलेल्या आपल्या मित्रांनी तर गल्ल्यावर अर्धा तास बसवलं तरी पुष्कळ. ज्यांनी पहिलीच्या लेकराला ट्यूशन लावलीय त्यांना माझं नम्र सांगणं आहे की या वयात ट्यूशनपेक्षा हा अर्धा तास जास्त कामाचा.

आणि मारण्याबद्दल. अजूनही पालक येऊन सांगतात, 'बाई, मारा पण शिकवा.' शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, भ्यालेलं लेकरू विचारत नाही, आणि जे विचारत नाही त्याचं काय अडलंय ते आम्हाला कळत नाही.

तिसरं काम हजेरीचं. हे सगळ्यात साधं दिसतं आणि आपल्या जिल्ह्यात सगळ्यात अवघड आहे.

आठवडी बाजाराच्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा असतो. वेचणीच्या दिवसांत थोरली मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. मोठ्या वर्गात आठ दिवस बुडाले तर वही उतरवून घेता येते. पहिलीत तसं होत नाही. काना शिकवला त्या आठवड्यात लेकरू नव्हतं, पुढच्या आठवड्यात वेलांटी आली, आणि मग प्रत्येक शब्दात एक खड्डा राहून जातो. 'पहिलीत काय एवढं शिकवतात' असं म्हणून आपण नेमकी तीच वर्षं बुडवतो ज्यांच्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या लागल्या की वर्गातली कितीतरी नावं हजेरीपुरती उरतात. आपल्याच वर्गातले काहीजण दर हिवाळ्यात दिसेनासे व्हायचे, त्यातले काही आठवीनंतर परत आलेच नाहीत. आज ते आपल्यात नाहीत आणि ग्रुपवरही नाहीत. आई-बाप कारखान्यावर गेले तरी लेकरू गावात राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. लेकरू आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं राहतं, आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत होते. सोबत न्यायचंच असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन जायचं, म्हणजे जिथं जाईल तिथल्या शाळेत त्याला बसता येतं. पण हे गाड्या निघण्याआधी व्हावं लागतं. कुणाच्या घरून कोण जाणार, कोणतं लेकरू मागं राहील, कोणाकडं राहील, ही यादी दसऱ्याच्या सुमाराला तयार पाहिजे. ती यादी शिक्षक एकटा करू शकत नाही. गावातल्या माणसांना सगळं माहीत असतं. बऱ्याच गावांत आपल्यातलंच कुणीतरी मुकादमालाही ओळखतं.

तारामतीबाई नव्हे, ताराबाई मोडकांचं नाव आपण डी.एड.ला वाचलं होतं, इथं बसलेल्या शिक्षक मित्रांना आठवेल. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढं ते कोसबाडच्या आदिवासी भागात नेलं. तिथली लेकरं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. या बायांनी आई-बापांना दोष दिला नाही. गुरं जिथं चरतात त्या कुरणातच शाळा नेली, तिचं नाव कुरणशाळा. आपल्या जिल्ह्यात कुरणाच्या जागी उसाचा फड आहे, एवढाच फरक. घरची गरज समजून घेऊन शाळेनं वाट काढायची आणि त्या वाटेवर पालकांनी लेकराचा हात धरायचा, ही रीत तीच.

आता चौथं काम. हे ऐकताना काहीजण घड्याळाकडं पाहतील, पण यातच सगळ्यात जास्त दम आहे. शाळेच्या समितीत बसण्याचं काम.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या २१ व्या कलमानं विनाअनुदानित शाळा सोडून बाकी शाळांत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. त्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदान कसं खर्च होतं ते पाहायचं, शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, हे समितीचं काम. आपल्याकडं समितीचा अध्यक्ष पालकांतलाच असतो आणि मुख्याध्यापक सचिव. म्हणजे कायद्यानं शाळेची किल्ली पालकांच्या हातात दिलीय. आपल्या आजोबांनी वर्गणी काढून जे मिळवलं ते आपल्याला कायद्यानं घरबसल्या मिळालं.

प्रत्यक्षात काय होतं? पालक सभेला दहा-बारा जण. अध्यक्ष कोण होणार ते गावातल्या पार्टीवर ठरतं. महिला सदस्यांच्या सह्या रजिस्टर घरी पाठवून घेतल्या जातात. काही ठिकाणी समितीचा उपयोग फक्त मास्तरांना कोंडीत धरायला होतो. मी दोन्ही बाजूंनी बोलते, कारण मी शिक्षक आहे आणि दोन लेकरांची आईही आहे. शिक्षक वेळेवर येत नसतील तर समितीनं विचारलंच पाहिजे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याच समितीनं हेही विचारावं की मास्तरांना शिकवायला किती दिवस मिळाले, आणि कागद भरण्यात, बैठकांत, निवडणुकीच्या कामात किती गेले.

जिथं समिती खरी चालते तिथं मोठ्या गोष्टी घडत नाहीत, छोट्या घडतात. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी येतं. समितीतल्या एखाद्या आईनं खिचडी चाखून पाहिली की तांदूळ निवडला जातो. आठ दिवस न आलेल्या लेकराच्या घरी शेजारीण जाऊन येते. शाळेत पुस्तकांची पेटी असते, बहुतेक ठिकाणी कुलूपबंद. फाटतील म्हणून. समितीनं ठराव करावा की फाटली तर फाटली, वाचायला द्या. आणि ज्यांच्या घरी चांगलं नेट आहे त्यांनी बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक मुलांना काढून द्यावेत. हे मासिक १९७१ पासून निघतंय, आपणही याच शाळेच्या ग्रंथालयात ते ओढाओढी करून वाचलंय.

आपल्या मैत्रिणींसाठी आणखी एक. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे होतात. पहिलीत येणाऱ्या लेकरांच्या आयांचे गट करतात आणि त्यांना घरी करायच्या खेळांची पत्रं देतात. खडे मोजणं, भाज्या वेगळ्या करणं, चिखलाचे आकार करणं. हे गट बऱ्याच ठिकाणी जूननंतर विरून जातात. जिथं एक आई पुढं होऊन आठवड्यातून एकदा चौघींना ओट्यावर जमवते, तिथं टिकतात. त्या आईला फार शिकलेलं असावं लागत नाही. दहावी झालेली आपल्या वर्गातली प्रत्येकजण त्याला पुरेशी आहे.

आता तो अवघड प्रश्न. इंग्रजी का मराठी? कोणी कुठं घालावं हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय, त्यावर मी कुणाला बोल लावणार नाही. शाळा कोणतीही असो, एवढं पाहा: दुसरीतलं लेकरू जे वाचतं ते त्याला समजतं का? घरी येऊन ते गोष्ट सांगतं का? नुसत्या कविता पाठ आणि वह्या भरलेल्या, यावर फसू नका.

पण एक गोष्ट डोळ्यांसमोर असू द्या. सकाळी पिवळी गाडी गावातून वीस लेकरं घेऊन गेली की गावच्या शाळेचा पट घसरतो. शिक्षक पटावर मिळतात. कायद्याप्रमाणं प्राथमिकला ६० पर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. म्हणजे दोन-चार लेकरं कमी झाली तरी एक शिक्षक जाऊ शकतो, आणि मग एकाच माणसाला दोन-दोन, तीन-तीन वर्ग. शिकवणं ढिलं पडतं, आणखी लेकरं जातात. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार राज्यात पुढं आलाच होता. गावची शाळा बंद झाली तर पिवळ्या गाडीचे पैसे ज्यांच्याकडं आहेत त्यांचं अडणार नाही. सालगड्याच्या, ऊसतोड्याच्या लेकीचं अडेल. तिला दुसऱ्या गावाला पाठवणार नाहीत, घरी बसवतील, आणि मग लग्न.

आता शेवटचं, आपल्या तुकडीबद्दल. आपण शाळेला भेट म्हणून कमान द्यायचं ठरवलंय आणि निधीही जमलाय. कमान जरूर द्या, त्यावर आपल्या तुकडीचं नाव आलं तर मलाही आनंदच आहे. पण आपण पाचवीला या शाळेत आलो ते आधी आपापल्या गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत वाचायला शिकून. त्या अकरा गावांतल्या शाळा आजही आहेत. वाचायला तिथं शिकलो म्हणून इथं टिकलो. इथले सर आपल्यावर मेहनत घेऊ शकले, कारण कुणीतरी आधी आपल्याला काना-मात्रा धरून शिकवलं होतं.

म्हणून माझी एक मागणी आहे, पैशाची नाही. त्या अकरा गावांपैकी प्रत्येक गावच्या शाळेसाठी आपल्यातल्या दोघांनी नाव द्यावं. एक गावात राहणारा आणि एक बाहेर गेलेला. गावातल्यानं महिन्यातून एकदा शाळेत जायचं, समितीची बैठक होते का पाहायचं, दसऱ्याला स्थलांतराची यादी करायला मास्तरांसोबत बसायचं. बाहेरच्यानं दिवाळीला आणि उन्हाळ्यात गावी आल्यावर एक दुपार शाळेला द्यायची, पाच लेकरांना समोर बसवून म्हणायचं, वाच, मला ऐकू दे. ज्याचं लेकरू त्या शाळेत आहे त्यानं समितीत जावं. ज्याचं नाही, त्यानंही जाऊन यावं. आपल्या भावाचं, शेजाऱ्याचं, सालगड्याचं लेकरू तिथं आहेच.

जेवणाच्या मंडपात ताटांच्या टेबलाशेजारी मी दोनशे पानी वही ठेवली आहे. अकरा पानांवर अकरा गावांची नावं लिहिली आहेत. त्यातली चार पानं सकाळीच भरली, सात कोरी आहेत. जेवायला जाताना आपल्या गावाचं पान उघडा.